लवंगी आणि बीमचा पंच

खेळाच्या सामानाच्या दुकानात हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीची एकच वडी उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक हात लवंगीचा. दुसरा कुणाचा हे बघायला तिला मान बरीच वर करावी लागली.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. उंचीला ठेंगणी आणि जिभेला तिखट, म्हणून दादाने लहानपणी ठेवलेलं ते नाव तिच्याआधी शाळेत पोचलं होतं. आता त्याच शाळेत ती मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायची. पोरी तोंडावर ताई म्हणायच्या आणि पाठ वळली की लवंगीताई. तिला ते पक्कं ठाऊक होतं, पण ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

"मी आधी धरली," ती म्हणाली.

"तुम्ही आधी बघितली असेल. धरली मी."

"मला पाच पोरी आहेत हो."

तो दचकला. "पाच?"

"शाळेतल्या. घामाने हात सुटतात त्यांचे बारवरून. तुमचं काय अडलंय एवढं?"

"मी सकाळी जरा बारला लटकतो. वय विसरायला."

"मग नका विसरू. वय लक्षात असलेलं बरं असतं."

तो हसला. म्हणजे नुसतं तोंड नाही, डोळेसुद्धा हसले, आणि लवंगीला उगाचच वाटलं की आपण जरा जास्तच फाडकन बोललो. त्याने वडी दोन्ही हातांनी मोडली, मोठा अर्धा तुकडा तिच्यापुढे केला. पावडर उडाली. तो स्वतःच्या नाकाला बोट लावून काहीतरी खुणावू लागला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपलं नाक पांढरं झालंय.

"अजून आहे," तो म्हणाला.

"राहू दे. माझं नाक आहे."

निघताना तिने भिंतीवरची पाटी वाचली, डोळे बारीक करून. त्याने ते बरोब्बर टिपलं.

"तुम्हाला चष्मा लागलाय."

"मला काही लागलेलं नाही."

"मागच्या गल्लीत माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे डोळेच बघतो मी. तुमचे..." तो थांबला. जरुरीपेक्षा अंमळ जास्तच वेळ बघत राहिला. "तुमचे तपासायला हवेत."

लवंगीने वडीचा तुकडा पिशवीत टाकला आणि चालू लागली. गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तिने नाक पुसलं नाही. का नाही पुसलं, ते तिलाच माहीत.

डोळे तपासायला ती जाणार नव्हती. पण त्याच आठवड्यात सरावाच्या वेळी त्या पाचातली चिमणी बीमवर उभी राहिली आणि लवंगीला हॉलच्या या टोकावरून तिची पावलं नीट दिसेनात. बीम म्हणजे काय, पोरीच्या छातीइतकी उंच, वीतभरही रुंदी नसलेली लाकडी पट्टी. तिच्यावर उड्या मारायच्या, गिरक्या घ्यायच्या, कोलांट्या घ्यायच्या, आणि पायाची बोटं सरळ राहिली नाहीत तर तेवढ्यालाही गुण कापतात. तिथे शिकवणारीलाच बोटं दिसेनात तर झालंच की कल्याण.

आणि हे वर्ष काही साधं नव्हतं. शाळेचा संघ आजवर कधी मोठ्या स्पर्धेला गेला नव्हता. तिथे एकच संघ जातो, निर्णायक फेरी जिंकलेला. दरवर्षी यांचा नंबर यायचा, पण दुसरा, नाहीतर तिसरा. पाचातल्या तिघी पोरी यंदा शाळा सोडणार होत्या. अगदी लहानपणापासून लवंगीने त्यांना वाढवलं होतं. पडल्या की उठवलं होतं, रडल्या की आधी रागावून मग जवळ घेतलं होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिने मनाशी बांधूनच ठेवलं होतं. तेव्हा गेली ती चष्म्याच्या दुकानात. पोरींसाठी म्हणून गेली. तसं तिने वहिनीला दोनदा सांगितलंसुद्धा.

आतली खोली अंधारी होती. त्याने तिच्या नाकावर ती जड तपासणीची चौकट बसवली आणि एकेक काच आत सरकवू लागला.

"हे बरं... की हे?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"दोन्ही सारखीच."

"सारखी कधीच नसतात. नीट बघा."

"बघतेय की. तुमचा कोपर मध्ये येतोय."

त्याने कोपर बाजूला घेतला. त्याच्या हाताला साबणाचा वास होता. समोरची अक्षरं एकाएकी टोकदार झाली, आणि त्यांच्या बाजूला उभा असलेला तोही. भुवईवर लहानशी जुनी खूण होती. बारवरून पडला असणार, लवंगीने ओळखलं. तसल्या खुणा तिला वाचता यायच्या.

"दिसतंय?" त्याने हळूच विचारलं.

"...दिसतंय."

"मग एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. नंतर कळली तर तुम्ही मला जिवंत सोडणार नाही." त्याने दिवा लावला. "मी जिम्नॅस्टिक्सचा पंच आहे. इथे नवीनच आलोय. यंदा शाळांच्या स्पर्धेत बीम माझ्याकडे आहे."

लवंगी ताडकन उठली. चौकट नाकावर तशीच. तिच्यातली एक काच निसटून गालावर आपटली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"हे दुकानात त्या दिवशी बोलायला काय झालं होतं?"

"त्या दिवशी तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

"हे बघा, स्पर्धा संपेपर्यंत तुमची माझी ओळख नाही. रस्त्यात दिसलात तरी नाही. उद्या माझी पोर चांगली खेळली आणि कुणी म्हणालं की ताईंनी पंचाला गटवलं, तर मी कुठे तोंड लपवू?"

"आणि चष्मा?"

"करून ठेवा. वहिनी घेऊन जाईल."

"चौकट," तो म्हणाला.

"काय?"

"माझी चौकट नाकावर घालून चालल्यात तुम्ही."

तिने ती काढून टेबलावर ठेवली. ठेवताना मात्र जपून ठेवली.

चष्मा आणायला वहिनी गेली आणि चांगली तासाभराने परत आली. "चष्मा झकास आहे," ती म्हणाली. "देणाराही बरा आहे. काच कशी पुसायची ते मला तीन वेळा समजावून सांगितलं, आणि तिन्ही वेळा विचारलं, त्या बऱ्या आहेत ना?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बरी कसली, लवंगी आहे."

आई पलीकडून सगळं ऐकत होती. भाजी चिरताना तिचा हात थांबला होता. लवंगीने दोघींना सांगून टाकलं, स्पर्धेआधी या घरात चष्मेवाल्याचा विषय निघता कामा नये. विषय निघाला नाही. वहिनी नुसतीच काच पुसायचं फडकं हातात घेऊन तिच्यासमोरून जायची, तेही विनाकारण.

पहिली फेरी आली. हॉलमध्ये तो गडद निळ्या कोटात टेबलामागे बसला होता. लवंगी पोरींची रांग घेऊन समोरून गेली. त्याने कागदाकडे बघितलं, तिने छताकडे. ओळख नाही ती नाहीच.

चिमणी शेवटची चढली. तेरा वर्षांची काटकुळी पोर, पण बीमवर गेली की अंगात वेगळंच वारं शिरायचं. त्या दिवशी ती जे खेळली ते लवंगीने नव्या चष्म्यातून अगदी पायाच्या नखापर्यंत बघितलं. एक पाऊल हललं नाही. उतरतानाची उडीसुद्धा खिळा ठोकल्यासारखी बसली. पोरींनी एकमेकींचे हात धरले, पहिला नंबर आलाच म्हणून.

बीमला दोन पंच चुका मोजतात आणि दोघांच्या गुणांची सरासरी धरतात. एकाने भरपूर दिले. दुसऱ्याने, म्हणजे चष्मेवाल्याने, इतके कापले की सरासरी धाडकन खाली आली आणि संघ दुसऱ्या नंबरावर. निर्णायक फेरीत पोचले, पण शेजारच्या शाळेच्या मागे.

"ताई, माझं काय चुकलं?" चिमणीने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसतीच गोंधळली होती पोर, आणि तेच लवंगीला जास्त लागलं.

"बघू," ती म्हणाली. तोल ढळून झोल गेला, पाय वाकला, यासाठी कापलेल्या गुणांवर दाद मागता येत नाही. पंचाला दिसलं म्हणजे दिसलं.

चिमणीच्या वडिलांनी सगळा खेळ फोनवर टिपला होता. लवंगीने तो पुढे-मागे करून करून बघितला. कुठे झोल नाही, कुठे गुडघा वाकलेला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती चष्म्याच्या दुकानात शिरली, फोन त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "दाखवा. कुठे चुकली माझी पोर?"

"आपली ओळख नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"ओळख काढायला आलेच नाहीये. जगाला चष्मे विकता आणि स्वतःला दिसत नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दाखवा."

त्याने बघितलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. मग फोन खाली ठेवला आणि स्वतःचा चेहरा दोन्ही हातांनी चोळला.

"नाही चुकली," तो म्हणाला.

"मग?"

"मला दिसली होती चूक... म्हणजे मला वाटलं दिसली. ती गिरकी घेत होती आणि तुम्ही खाली श्वास रोखून उभ्या होतात. मला ते दिसत होतं. मनात आलं, हिला जास्त दिले तर ते तुमच्याकडे बघून दिलेले असतील. त्या भीतीने मी जिथे संशय आला तिथे कापत गेलो. संशयही मीच घेतला."

लवंगी त्याच्याकडे बघतच राहिली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत तिला माहीत होती. आपल्याच बाब्याला कार्टं ठरवणारा माणूस ती पहिल्यांदा बघत होती.

"म्हणजे," ती एकेक शब्द तोडून बोलली, "तुमचा जीव माझ्यावर जडला, आणि गुण माझ्या पोरीचे गेले?"

"असं म्हटलं की फारच वाईट वाटतं."

"आहेच वाईट. दुसरी कुणी असती तर लाजून चूर झाली असती इथे. मला लाजायला वेळ नाहीये. निर्णायक फेरीत काय करणार आहात?"

"नीट बघेन. शपथेवर सांगतो."

"शपथेने नजर सुधारत असती तर तुमचं दुकान बंद पडलं असतं." ती खुर्ची ओढून बसली. "या वेळी कापणार नाही म्हणाल, आणि भरपाई म्हणून जास्त द्याल. तेही मला नको. माझ्या पोरींना दान नको आणि दंडही नको. तुम्ही उठा त्या खुर्चीवरून."

"उठायला कारण लागतं. स्पर्धेआधी सगळ्यांसमोर विचारतात, कुठल्या संघाशी कुणाचा संबंध आहे का. तिथे उभं राहून सांगावं लागेल." त्याने फोन तिच्याकडे सरकवला. "आणि माझ्या जागी कोण येईल ठाऊक आहे? कात्रीकाका."

कात्रीकाका म्हणजे जुने, पांढऱ्या मिशांचे पंच. सख्ख्या नातीलासुद्धा त्यांनी धड गुण दिले नव्हते म्हणे. शेजारच्या शाळेच्या पोरी बीमवर थंड डोक्याने खेळायच्या, सावध, साध्या उड्या घेऊन. चिमणीचा खेळ धाडसाचा. कात्रीकाकांपुढे धाडस महागात पडायची शक्यताच जास्त.

लवंगीने फोन पिशवीत टाकला आणि उठली.

"येऊ देत," ती म्हणाली. "कापतील तर सगळ्यांचेच कापतील. कात्री सगळ्यांना सारखी असली की झालं."

"आणि मला विचारलं, संबंध कसला... तर काय सांगू?"

ती दारापर्यंत गेली होती. वळली नाही.

"खरं असेल ते सांगा," ती म्हणाली. "ते मी कसं सांगणार तुम्हाला?"

निर्णायक फेरीच्या सकाळी हॉल गच्च भरला होता. पाचही संघ आपापल्या रांगेत उभे होते. मुख्य पंचबाई पुढे आल्या, करड्या केसांच्या आणि खणखणीत आवाजाच्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला: इथल्या कुठल्या संघाशी कुणा पंचाचा काही संबंध आहे का? हा प्रश्न विचारून त्या नेहमी लगेच पुढे जायच्या, कारण उत्तर कधी येतच नसे.

चष्मेवाला उभा राहिला.

"आहे," तो म्हणाला. लवंगीच्या शाळेकडे हात केला. "या संघाच्या ताईंशी."

"नात्यातल्या आहेत?"

"नाहीत."

"मग संबंध कसला?"

त्याने घसा साफ केला. कोटाचं बटण लावलं, काढलं. "व्हावा अशी माझी इच्छा आहे... तो."

हॉलभर खसखस पिकली. चिमणीने लवंगीच्या दंडाला असा चिमटा काढला की ती जवळजवळ ओरडलीच. पंचबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "नियम स्पष्ट आहे. दोघांचं असेल तर तुम्हाला उठावं लागेल. एकट्याचंच असेल तर ते तुमचं तुम्ही आवरायचं आणि खाली बसून काम करायचं. एकतर्फी आहे का?"

त्याने नुसतंच लवंगीकडे बघितलं. सगळ्या माना तिकडे वळल्या.

आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही तिला लख्ख दिसत होत्या. गप्प बसलं की तो खुर्चीत बसणार. आणि भर हॉलमध्ये एवढी शोभा झाल्यावर चिमणीचे गुण कापायची त्याची छाती होणार नाही. कदाचित पहिला नंबर तिथेच पदरात. तोंड उघडलं की कात्रीकाका, आणि शिवाय पोरी, त्यांचे आईबाप, वर बसलेली वहिनी, सगळ्यांच्या देखत... तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिला एकदम फार राग आला. त्याचा, नियमाचा, स्वतःचाही. पोरींना वाढवलं ते काय असल्या नंबरासाठी? आणि गप्प राहून उगाच खोटं तरी किती दिवस बोलायचं?

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही? मागे ऐकू आलं नाही."

लवंगीने मान वर केली. "एकतर्फी नाही," ती इतक्या खड्या आवाजात म्हणाली की पार वरच्या रांगेतसुद्धा पोचलं. "त्यांना उठवा आणि दुसरे पंच बसवा. म्हणजे आम्हाला खेळायला बरं."

पंचबाईंनी मान हलवली. "उठा," त्या त्याला म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, "अभिनंदन."

तो कोट काढून वर प्रेक्षकांत जाऊन बसला. कात्रीकाकांनी त्याच्या खुर्चीवर रुमाल झटकला, बसले आणि पेन्सिलीला टोक काढलं.

त्यांनी कुणालाच सोडलं नाही. शेजारच्या शाळेच्या सावध पोरींच्या सावध उड्याही कापल्या, हाताची बोटं पसरली म्हणून कापलं, मान खाली गेली म्हणून कापलं. तिकडच्या प्रशिक्षिकेचा चेहरा उतरत गेला. चिमणी चढली तेव्हा दोन्ही संघ इतके जवळजवळ होते की आता सगळं त्या लाकडी पट्टीवर येऊन ठेपलं होतं.

"ताई," चढण्याआधी ती म्हणाली, "ती अवघड उडी गाळू? काका कापतील."

"घेतलीस तर कापतील आणि गाळलीस तरी कापतील. तुला घ्यायचीय का?"

"घ्यायचीय."

"मग घे. मी इथेच आहे."

तिने घेतली. पाय टेकला, आणि या वेळी खरोखरच झोल गेला. कमरेतून वाकली, एक हात भलतीकडे गेला, हॉलने श्वास आत ओढला. लवंगीची नखं तळहातात रुतली. पण पोर पडली नाही. दात आवळून तिने अंग सरळ केलं, बीम पायाखाली पकडून धरला आणि उरलेला खेळ असा केला की जणू तो झोल दुसऱ्याच कुणाचा होता. उतरली ती दोन्ही पायांवर, हात वर, हनुवटी वर.

कात्रीकाकांनी झोलाचे गुण कापले. लवंगीने ते बघितलं आणि मान डोलावली. कापायलाच हवे होते. एकूण बेरीज झाली तेव्हा त्यांचा संघ पुढे होता, अगदी निसटता, पण पुढे.

पोरी तिच्या अंगावर कोसळल्या. कुणाचा तरी कोपर लागून चष्मा तिरका झाला. शेजारच्या शाळेची प्रशिक्षिका आली, हात पुढे केला, म्हणाली, "कुणाला बोलायला जागाच ठेवली नाहीस ग." लवंगीने तिचा हात दोन्ही हातांनी धरला. हेच तर ऐकायचं होतं तिला.

मग तिने चष्मा सरळ केला आणि वर बघितलं. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या होत्या, लोक उठून निघाले होते, आणि तो अजून उभा राहून टाळ्या वाजवत होता. शेजारी वहिनी त्याला हाताने खुणावत होती की पुरे आता. लवंगी पायऱ्या चढून वर गेली.

"थांबा की," ती म्हणाली. "हात लाल झालेत."

"पंचाला टाळ्या वाजवता येत नाहीत," तो म्हणाला. "कितीही आवडलं तरी हात बांधून बसायचं. इतकी वर्षं झाली... मला थांबायचं कसं ते माहीतच नाही."

लवंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा हॉल जिंकताना आलं नव्हतं, ते आता आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

"खुर्ची गेली तुमची," ती म्हणाली. "माझ्या पोरी खेळतील तिथे परत मिळायची नाही. वाईट वाटतंय?"

"वाटतंय. खोटं कशाला बोलू?" तो तिच्याकडे बघत म्हणाला. "पण तुमची पोर झोल सावरून उभी राहिली ना, तेव्हा मला मोजावं लागलं नाही. नुसतं बघता आलं. तिच्याकडे... आणि तुमच्याकडेही."

खालून पोरींचा खिदळण्याचा आवाज आला. लवंगीने कठड्यावरून वाकून बघितलं आणि दरडावलं, "बीमखालच्या गाद्या कोण उचलणार? मी येऊ का खाली?" पोरी पांगल्या. मग तिने, सगळ्यांना दिसेल असा, त्याचा लाल झालेला हात आपल्या हातात घेतला.

"चला," ती म्हणाली, "गाद्या जड असतात."